कुठल्या प्रसंगाला कुठला मीटरिंग मोड?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. निकॉन डी५६०० घेऊन त्याला वर्ष झालं, आता गावातल्या लग्नांच्या ऑर्डरी घ्यायला लागलाय. तो लिहितो, "सर, मॅट्रिक्सवर काढलं की स्टेजवर नवरा-नवरीचे चेहरे काळे यायलेत. एकानं सांगितलं स्पॉटवर ठेव. ठेवलं, तर एक फोटो काळा आणि लगेच पुढचा पांढरा फटक. डोकं चालेना झालंय. कुठल्या वेळी कुठला मोड लावायचा ते एकदा नीट सांगा."

सांगतो. पण मोडांची नावं घेण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण ती कळली नाही तर सगळे मोड फिरवून झाले तरी फोटो तसेच येणार. मीटरिंगचा मोड फक्त इतकंच ठरवतो की उजेड मोजताना कॅमेऱ्यानं फ्रेममध्ये कुठं बघायचं. तिथं जे दिसतंय ते मुळात काळं आहे की पांढरं, हे मीटरला ठाऊक नसतं. ते तुम्हीच सांगायचं, प्लस-मायनसच्या बटणानं. मोड हा अर्धा निर्णय आहे आणि प्लस-मायनस हा उरलेला अर्धा. बहुतेक पोरं पहिलाच अर्धा घेऊन भांडत बसतात.

हे माझ्या सांगण्यावरून मानू नका, घरी करून बघा. एक काळी घोंगडी घ्या आणि एक पांढरा टॉवेल. दोन्ही पडवीत, ऊन येत नाही अशा ठिकाणी, शेजारी-शेजारी वाळत घाला. कॅमेरा ए मोडला (ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ ४००, ॲपर्चर एफ/५.६. आता फक्त घोंगडी फ्रेमभर भरेल इतक्या जवळ जा आणि शटर किती येतंय ते बघा. समजा १/३० सेकंद आलं. मग फक्त टॉवेल भरून बघा. १/५०० च्या आसपास येईल. दोन्ही फोटो काढा आणि शेजारी ठेवा. घोंगडी जुनी, विटलेली राखाडी दिसेल आणि टॉवेल चार दिवस न धुतल्यासारखा मळका राखाडी. म्हणजे दोन्ही एकाच रंगाच्या झाल्या.

असं का होतं? मीटर असा बनवलेला असतो की जे दिसेल ते मध्यम राखाडी येईल इतका उजेड आत घ्यायचा. फोटोच्या दुकानात मिळतं ते राखाडी कार्ड पडणाऱ्या उजेडाचा साधारण १८ टक्के भाग परत फेकतं, तो हा राखाडी. घोंगडी त्याहून खूप कमी फेकते, म्हणून मीटर शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. टॉवेल खूप जास्त फेकतो, म्हणून मीटर घाबरून शटर लवकर मिटतो.

आता घोंगडीवर मायनस दोन लावा आणि टॉवेलवर प्लस दोन, म्हणजे दोन-दोन स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. घोंगडीचं शटर १/३० वरून १/१२५ ला जाईल, टॉवेलचं १/५०० वरून १/१२५ ला येईल. दोघं एकाच आकड्यावर भेटतात. भेटणारच, कारण पडवीतला उजेड एकच होता. मला हे पहिल्यांदा असं दिसलं तेव्हा मी तो प्रयोग तीनदा केला होता, इतका आनंद झाला होता.

त्याच उजेडात आणखी एक माप घेऊन ठेवा: तुमच्या तळहाताचं. तळहात जिकडं उजेड आहे तिकडं करा, फ्रेम भरा, शटर बघा. माझं १/२०० येतं, म्हणजे माझा तळहात राखाडीपेक्षा दोन-तृतीयांश स्टॉप उजळ आहे. गेली कित्येक वर्षं हेच माझं राखाडी कार्ड आहे. ते घरी विसरत नाही, पावसात भिजून खराब होत नाही. कुठंही गेलो तरी हात पुढं करायचा, मोजायचं, प्लस दोन-तृतीयांश द्यायचं, झालं. अट एकच: हातावर पडणारा उजेड आणि ज्याचा फोटो काढायचा त्याच्या तोंडावर पडणारा उजेड एकच असला पाहिजे. तुम्ही सावलीत आणि तो उन्हात असला तर तुमचा हात काही कामाचा नाही.

आता मोड. मॅट्रिक्स म्हणजे अख्खी फ्रेम तुकड्या-तुकड्यांनी बघून अंदाज बांधणारा मोड. कॅननवर तो इव्हॅल्युएटिव्ह, सोनी आणि फुजीवर मल्टी. निकॉननं १९८३ साली एफए या कॅमेऱ्यात हा प्रकार आणला तेव्हा फ्रेमचे पाच भाग होते. आताचे कॅमेरे रंगही बघतात, फोकस कुठं आहे तेही धरतात, नवीन मिररलेस तर चेहराही ओळखतात. हुशार आहे, पण शेवटी अंदाजच आहे. हा अंदाज कुठं बरोबर येतो आणि कुठं चुकतो हे वापरून वापरूनच समजतं.

सेंटर-वेटेड हा जुना, साधा मोड. तुमच्या डी५६०० वर मधल्या ८ मिलीमीटरच्या गोलाला ७५ टक्के वजन, उरलेल्या फ्रेमला २५. त्यात अंदाज नाही, नुसता हिशेब आहे, म्हणून तो कधी आणि किती चुकणार हे आधीच सांगता येतं. मी निकॉनच्या ज्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर, एफएम२ वर, शिकलो त्यात एवढाच मोड होता, मधल्या १२ मिलीमीटरच्या गोलाला ६० टक्के. आजही नवीन पोराला मी पहिला महिना याच मोडवर ठेवतो. मॅट्रिक्सवर शिकणाऱ्याला फोटो का बिघडला ते कळत नाही आणि का चांगला आला तेही कळत नाही.

स्पॉट म्हणजे फ्रेमचा अगदी लहान ठिपका. तुमच्या कॅमेऱ्यावर साडेतीन मिलीमीटरचा गोल, फ्रेमच्या जेमतेम अडीच टक्के. बाकी सगळ्याकडं पूर्ण पाठ. कॅननवर पार्शल म्हणून एक मधला प्रकार असतो, स्पॉटपेक्षा जरा मोठा. आपल्याकडं बऱ्याच पोरांकडं असलेल्या कॅनन १५००डी मध्ये स्पॉट नाहीच, पार्शलच आहे. तेव्हा मित्राच्या कॅमेऱ्यात स्पॉट शोधत बसू नका.

आता तुमचा स्पॉट का बिघडला ते. निकॉनवर स्पॉटचा ठिपका तुम्ही निवडलेल्या फोकस पॉइंटला चिकटलेला असतो. तुम्ही बहुधा मधला पॉइंट नवरीच्या तोंडावर ठेवून अर्धं बटण दाबलंत, फोकस लॉक झाला, मग फ्रेम जरा बाजूला सरकवलीत आणि पूर्ण दाबलंत. फोकस लॉक राहिला, पण एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा तो हिशेब, लॉक झालं नव्हतं. मूळ सेटिंगमध्ये अर्ध्या बटणानं ते होतच नाही. फ्रेम सरकल्यावर ठिपका मागच्या एलईडी वॉलवर गेला, मीटरनं ती वॉल राखाडी करायचा हिशेब केला आणि नवरी काळी झाली. पुढच्या फोटोत ठिपका नवऱ्याच्या काळ्या कोटावर बसला, मीटरनं कोट राखाडी केला आणि तोंड जळून पांढरं झालं. स्पॉटनं दोन्ही वेळा बरोबरच मोजलं. मोजायची जागा हलत होती, एवढंच.

इलाज दोन. एक, तोंडावर ठिपका ठेवून मागचं एई-एल/एएफ-एल बटण दाबून धरायचं आणि मगच फ्रेम सरकवायची. कॅननवर त्यासाठी ताऱ्याचं बटण असतं, आणि तिथं ते फारच लागतं, कारण कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये स्पॉट फक्त फ्रेमच्या मधोमध असतो, फोकस पॉइंटबरोबर फिरत नाही. दोन, आणि लग्नात मी हेच करतो: स्पॉटनं एकदा मोजायचं, आकडे मॅन्युअलला बसवायचे आणि मग मीटरकडं बघायचंच नाही.

मंगल कार्यालयाचं स्टेज घेऊ, कारण तुमची अडचण तिथलीच आहे आणि पोटही त्याच्यावरच चालतं. मागं एलईडी वॉल, वरून रंगीत लाइट, समोर व्हिडिओवाल्याचे दोन पांढरे लाइट. मॅट्रिक्सला फ्रेममध्ये अर्धी जागा झगमगती वॉल दिसते आणि तो आवरतं घेतो. वॉलवरचं चित्र बदललं की हिशेब बदलतो. एकाच जागी उभ्या असलेल्या माणसांचे दहा फोटो दहा उजेडांत येतात आणि अल्बम करताना रडायची पाळी येते. पण तोंडावर पडणारा उजेड व्हिडिओवाल्याच्या लाइटचा आहे, तो तासभर हलत नाही. म्हणून स्टेज सजलं की मुहूर्ताआधी वर जा, जिथं नवरी उभी राहणार तिथं आपला तळहात धरा किंवा कुणा करवलीला उभी करा, स्पॉटनं मोजा, मॅन्युअलला बसवा. वॉल थोडी जास्त उजळ आली तर येऊ दे. तिच्यासाठी कुणी अल्बम उघडत नाही. वॉलवर पट्टे दिसायला लागले तर शटर जरा हळू करून बघा, मी १/१०० च्या आसपास राहतो.

अंतरपाट आठवा. दोघं समोरासमोर, मधे पांढरं कापड, बाजूनं तुम्ही. ए मोड आणि मॅट्रिक्स असेल तर अंतरपाट असताना फ्रेममध्ये पांढरं भरपूर, तोंडं गडद. "सावधान" झालं, कापड खाली आलं, अक्षता उडाल्या, त्याच क्षणी फ्रेममधलं पांढरं गेलं, मागचा काळोख आला आणि कॅमेऱ्यानं एक-दीड स्टॉप उजळ उडी मारली. दोघांनी एकमेकांकडं पहिल्यांदा बघितलेला तो फोटो, तोच जळाला. तिथं दुसरी संधी नसते. माझा असा एक फोटो गेलाय आणि त्या मुलीच्या आईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. त्या दिवसापासून अंतरपाटाला माझा कॅमेरा मॅन्युअलवरच असतो.

फ्लॅश लावत असाल तर एक लक्षात ठेवा: फ्लॅशचा हिशेब कॅमेरा वेगळा करतो, मोडचा परिणाम मुख्यतः मागच्या, मूळ उजेडावर होतो. निकॉनच्या स्पीडलाइटवर (बाहेरून लावायच्या फ्लॅशवर) टीटीएल-बीएल, म्हणजे मागच्या उजेडाशी मेळ बसवणारा फ्लॅशचा मोड, चालू असेल आणि तुम्ही मीटरिंग स्पॉटला नेलं, तर बीएल सुटतं आणि साधं टीटीएल उरतं. मग मागचा उजेड आणि फ्लॅश यांचा मेळ बसवणं कॅमेरा सोडून देतो. फ्लॅशबरोबर मी मॅट्रिक्सच ठेवतो.

स्पॉटनं तोंड मोजल्यावर किती प्लस-मायनस, हा खरा प्रश्न. आणि इथं मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडं रंग कितीतरी तऱ्हेचे. उन्हात राबलेल्या शेतकऱ्याचं तोंड राखाडीपेक्षा गडद असतं. त्याच्यावर स्पॉट ठेवून शून्यावर काढलं तर तो आहे त्यापेक्षा फिका, अनोळखी दिसतो. तिथं मी मायनस दोन-तृतीयांश ते एक देतो. मध्यम सावळ्या रंगाला शून्य ते मायनस एक-तृतीयांश. गोऱ्या नवरीला प्लस दोन-तृतीयांश, कधी एक. गिऱ्हाइकाला गोरं आवडतं म्हणून सगळ्यांनाच एक स्टॉप वर चढवायची पद्धत पडलीय. ती मला मान्य नाही. बापानं अल्बम उघडला की त्याला आपली मुलगी दिसली पाहिजे, तिच्या कपाळावरचं कुंकू, नथीचे मोती, हातावरची मेंदी उठून दिसली पाहिजे. रंग चढवला की सगळ्यात आधी हेच बारकावे उडतात.

आता भंडारा. चिंचलीची मायाक्का असो, निपाणीजवळच्या अप्पाचीवाडीचा हालसिद्धनाथ असो नाहीतर सौंदत्तीचा डोंगर, भंडारा उधळला की सगळ्या मीटरांची परीक्षा लागते. हळद आपल्याला गडद, ठसठशीत रंगाची वाटते, म्हणून पोरं तिला राखाडीच्या जवळची धरतात. पण पिवळा हा उजळ रंग आहे. फ्रेम पिवळ्यानं भरली की मीटर आवरतं घेतो, भंडारा मातकट येतो आणि त्यातले चेहरे काळे. म्हणून प्लस दोन-तृतीयांश ते एक लागतंच. पण त्यापुढं जाऊ नका, कारण इथं दुसरी अडचण उभी असते. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे नोंदवतो, आणि पिवळ्यात आणि भगव्यात लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो. एकत्र हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडं काळं, उजवीकडं पांढरं) बघितला तर सगळं ठीक दिसतं, पण लाल चॅनल उजव्या भिंतीला टेकलेला असतो. मग भंडाऱ्याचे ते लोट, हवेतली भुकटी, ढोलावर साचलेला थर, सगळं एकसपाट पिवळ्या पत्र्यासारखं होतं. मेनूत जाऊन लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लालवर नजर ठेवा. नुसतं एकत्र बघून यात्रा काढू नका.

मी तिथं कसं करतो? उधळण सुरू व्हायच्या आधी, हवा स्वच्छ असताना, एखाद्या भक्ताच्या तोंडावर मोजून मॅन्युअल बसवतो. उन्हाकडं तोंड करून उभा असलो आणि भंडारा पाठीमागून उजळत असेल, तर ती धूळ स्वतःच दिव्यासारखी पेटते. तेव्हा स्पॉट त्या लोटाच्या सगळ्यात उजळ भागावर ठेवून प्लस दीड देतो आणि माणसं गडद राहू देतो. त्या फोटोत लोट हाच विषय असतो. उधळण चालू असताना लेन्स बदलायची नाही, कॅमेऱ्यावर पिशवी बांधायची, आणि रात्री घरी येऊन आधी ब्लोअर, मग कापड. उलटं केलंत तर हळद काचेवर घासली जाते.

पांढऱ्या आणि पिवळ्याचं झालं, आता काळ्याचं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघितली नसेल तर कॅमेरा न घेता आधी एकदा नुसतं बघून या. १२०४ सालचं जैन देऊळ, आत घोटून घोटून आरशासारखे केलेले काळ्या दगडाचे खांब. फोटो काढायचा तर तिथल्या माणसांना विचारून, आणि सकाळी. दारातून आलेला उजेड खांबाच्या एका कडेवर उभी पांढरी रेघ ओढतो, बाकी खांब काळाभोर. मॅट्रिक्सवर, दार फ्रेममध्ये न घेता काढलं, तर कॅमेरा त्या काळ्याला राखाडी करतो आणि आठशे वर्षांचा दगड काल ओतलेल्या सिमेंटसारखा दिसतो. मायनस एक ते मायनस एक आणि एक-तृतीयांश करा, दगड दगडासारखा होतो. दार फ्रेममध्ये घेतलंत तर उलटं होतं: बाहेरचा उजेड बघून मीटर इतका आवरतो की आतलं काहीच उरत नाही. सेंटर-वेटेडही इथं डगमगतो. इथं स्पॉटला पर्याय नाही.

एकदा तिथं एक आजी खांबाला टेकून जपमाळ ओढत बसल्या होत्या. अर्ध्या तोंडावर दाराचा उजेड, अर्धं अंधारात. मी उजळ गालावर स्पॉट ठेवला, शून्य. मग खांबावर ठेवला, मीटरनं साधारण तीन स्टॉप खाली दाखवलं. खांबावरच्या त्या पांढऱ्या रेघेवर ठेवला तर जवळजवळ चार वर. म्हणजे रेघ जळणार, खांब काळा पण थोडा पोत राखून येणार. रेघ जळू दिली, कारण ती नुसती चमक होती, तिच्या आत बघण्यासारखं काही नव्हतं. गाल शून्यावर ठेवला, आयएसओ १६००, एफ/४, १/६०. आजींच्या सुरकुत्या एकेक मोजता येतात त्या फोटोत. स्पॉटचा खरा उपयोग असा आहे. एका जागेचं माप घेऊन तो संपत नाही, तीन जागा मोजून काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते त्यानं ठरवता येतं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या पाडून एक्स्पोजर ठरवायची पद्धत) बसवली तिच्या मुळाशी हेच आहे: राखाडीच्या दोन स्टॉप वरपर्यंत पांढऱ्यात पोत राहतो, दोन खालपर्यंत काळ्यात. त्यापलीकडं पोत झपाट्यानं हरवत जातो.

इथं फिल्मवर काम केलेल्या जुन्या माणसांकडून एक सल्ला मिळेल, तो जपून घ्या. ते म्हणतील, "सावली मोज, उजेड आपोआप सांभाळला जातो." कलर निगेटिव्हला ते खरं होतं. निगेटिव्ह जास्त उजेड सोसायची, कमी सोसायची नाही. डिजिटलला उलट आहे. गडद भाग रॉ फाइलमधून (कॅमेऱ्यानं जेपीईजी न करता ठेवलेल्या मूळ फाइलमधून) बराच वर काढता येतो, पण पांढरं एकदा जळलं की त्यात काहीच उरत नाही. म्हणून आता उजेड आधी मोजायचा. ते लोक चुकीचं सांगत नाहीत, त्यांचं माध्यम वेगळं होतं.

वैशाखात बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, तिथं हेच कामाला येतं. काळोखी गल्ली, मधे मोठ्या दिव्याचा झोत मारलेला चित्ररथ, त्यावर शिवरायांच्या वेशातला मुलगा, भगवे झेंडे. मॅट्रिक्सला फ्रेमभर अंधार दिसतो, तो उजळ करायला जातो आणि त्या मुलाचं तोंड कागदासारखं पांढरं पडतं. निकॉननं २०१४ च्या डी८१० पासून अशा प्रसंगासाठी हायलाइट-वेटेड मोड दिलाय, जो फ्रेममधला उजळ भाग जळू देत नाही. तुमच्या डी५६०० वर तो नाही, पण नडत नाही. झोतातल्या तोंडावर स्पॉट ठेवा, एई-एल धरा. किंवा मॅट्रिक्सवरच राहून मायनस एक ते दोन द्या. पण चित्ररथ पुढं सरकला, झोत मागं राहिला, की पुन्हा मोजा. आणि झेंड्यांसाठी परत तो लाल चॅनल. ढोल-ताशा पथकातली धावपळ असेल तर मी स्पॉट सोडून देतो. पळत्या माणसाच्या तोंडावर ठिपका धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. तिथं सेंटर-वेटेड आणि मायनस दोन-तृतीयांश.

उघड्यावर, दिवसाउजेडी, पाठीमागून ऊन नसेल तर मॅट्रिक्सवर विश्वास ठेवा. जांबोटीच्या वाटेवरची भातशेती, पावसानंतरचं हिरवं रान, बाजारपेठेतली सावली, हे सगळं राखाडीच्या जवळपासच असतं. चोर्ला घाटात धुकं उतरलं तर प्लस एक, नाहीतर धुकं धुरासारखं काळपट येतं. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीवरून पडतो, तिथं सगळे सांगतात की पाणी पांढरं म्हणून प्लस द्या. ते पाऊस ओसरल्यावर खरं. ऐन पावसाळ्यात घटप्रभेला लाल-तपकिरी गढूळ पूर असतो, तो राखाडीच्या जवळचाच आहे, तिथं प्लस दिलंत तर पाणी चहासारखं दिसेल. आधी डोळ्यांनी बघा, मग बटण दाबा.

शर्यतीतल्या खिलार बैलांना मी मीटर वापरतच नाही. पांढरेशुभ्र बैल, खाली लाल माती, वर आभाळ, दर सेकंदाला फ्रेम बदलते. भर उन्हात जुना सनी सिक्स्टीन नियम घ्यायचा: एफ/१६ ला शटर आयएसओएवढं. म्हणजे आयएसओ ४०० ला एफ/१६ आणि १/४००, तेच एफ/८ ला १/१६००. मॅन्युअलला बसवलं, बैल पांढरे, माती लाल, धुरळा धुरळ्यासारखा. ढग आला तरच हात लावायचा.

राहिला रोजचा प्रश्न: कॅमेरा पिशवीत ठेवताना कुठल्या मोडवर ठेवायचा? मॅट्रिक्सवर आणि प्लस-मायनस शून्यावर, प्रत्येक वेळी. काल रात्री स्पॉटवर सोडलेला कॅमेरा सकाळी कुणी हाक मारली म्हणून घाईत उचलला, तर पहिले वीस फोटो कुठल्या ठिपक्यावर बेतले गेले ते देवच जाणे. चित्रीकरण संपलं की मोड परत नेणं हे लेन्सला झाकण लावण्याइतकं हातात बसलं पाहिजे.

आणि त्या बिघडलेल्या लग्नाचं. फाइली रॉमध्ये असतील तर काळे आलेले फोटो टाकू नका. दोन स्टॉपपर्यंत उचलले तरी तोंडं बऱ्यापैकी परत येतील, थोडे दाणे दिसतील तेवढेच. पांढरे झालेले वेगळे काढा, त्यात फक्त लाल चॅनल गेलाय की तिन्ही गेलेत ते बघा. एकच गेला असेल तर हायलाइट खाली ओढून त्वचा परत मिळू शकते. तिन्ही गेले असतील तर त्या क्षणाचा व्हिडिओवाल्याकडं चांगला फ्रेम आहे का विचारा, आणि नवरीच्या घरी खरं काय झालं ते अल्बम द्यायच्या आधी स्वतः जाऊन सांगा. जेपीईजीच असतील तर फार ओढू नका, एक स्टॉपच्या वर गेलात की त्वचेवर डाग दिसायला लागतील. पुढच्या ऑर्डरीआधी मात्र रॉ चालू करून घ्या.